ताम्हण की जॅकरांडा? आपटा की कांचन? बागेतली झाडं फुलांशिवाय कशी ओळखायची?

एप्रिल-मे महिन्यात सोशल मीडियावर जांभळ्या फुलांनी भरलेल्या झाडांचे फोटो फिरायला लागतात. बऱ्याच फोटोंखाली 'जॅकरांडा' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्यातली कित्येक झाडं ताम्हणाची, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्यफुलाची असतात. दसऱ्याला आपटा म्हणून वाटली जाणारी पानं अनेकदा कांचनाची असतात. सोसायटीच्या भिंतीलगत रांगेत उभ्या असलेल्या 'अशोका'चा सीतेच्या अशोकाशी काहीही संबंध नसतो.

फोटोखालच्या ओळीपुरती ही गडबड असेल, तर फार बिघडत नाही. पण रोप विकत घेताना झालेली गडबड पुढची तीस-चाळीस वर्षं अंगणात उभी राहते. आणि ज्या झुडपाचं नाव घरात कुणालाच माहीत नाही, त्याचं फळ लहान मुलाने तोंडात घातलं, तर प्रश्न थेट दवाखान्यापर्यंत जातो.

मग झाड नेमकं ओळखायचं कसं?

फुलावरून ओळखायला गेलं की का फसतं?

पहिलं कारण म्हणजे फूल वर्षातले थोडेच आठवडे असतं. नर्सरीतल्या पिशवीतल्या रोपाला तर बहुतेक वेळा फूल नसतंच.

दुसरं कारण रंगाचं. एकाच जातीच्या कण्हेरीला पांढरी, गुलाबी किंवा लाल फुलं येतात. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये लालभडक दिसणारी पळस, पांगारा आणि काटेसावर ही तीन वेगवेगळी झाडं आहेत.

तिसरं कारण नावांचं. 'चाफा', 'मोहर', 'अशोक' ही नावं एकमेकांशी नातं नसलेल्या अनेक झाडांना लावली जातात. नर्सरीत 'चाफा द्या' म्हटलं की समोर काय येईल, ते दुकानदाराच्या समजुतीवर ठरतं.

पान, चीक, फळ आणि खोड मात्र जास्त काळ सोबत असतात. ओळख तिथून सुरू करणं सोपं जातं.

'पळसाला पाने तीनच', पण पान म्हणजे काय?

कुठेही गेलं तरी परिस्थिती तीच, हे सांगायला मराठीत 'पळसाला पाने तीनच' म्हणतात. ही म्हण झाड ओळखायचीही चांगली खूण आहे. फक्त वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ती तीन पानं मिळून एकच पान होतं. त्या पानाचे तीन भाग म्हणजे पर्णिका.

पान आणि पर्णिका यांतला फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. देठ जिथे फांदीला जोडलेला असतो, त्या बेचक्यात बारीक कळी किंवा कोंब दिसला, तर तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. पर्णिकेच्या बुडाशी अशी कळी नसते.

हे एकदा समजलं की कुठल्याही झाडाला चार प्रश्न विचारता येतात.

१. पान साधं की संयुक्त? आंबा, ताम्हण, जास्वंद यांचं पान साधं, म्हणजे एकसंध असतं. कडुनिंब, बहावा यांचं पान संयुक्त, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या ओळी असतात. गुलमोहराच्या मुख्य देठाला उपदेठ फुटतात आणि त्यांच्यावर बारीक पर्णिका असतात. याला द्विसंयुक्त पान म्हणतात.

२. पानांची मांडणी कशी? फांदीवर पानं समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत की एकाच पेरावर तीन-चार मिळून आहेत?

३. पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का?

४. शेंग किंवा फळ कसं आहे? फुलं गळून गेल्यावरही शेंगा महिनोन् महिने झाडावर किंवा झाडाखाली सापडतात.

पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात तेव्हा ही झाडं जवळजवळ निष्पर्ण असतात. अशा वेळी खोड बघावं. सावरीच्या, विशेषतः कोवळ्या खोडावर जाड, शंकूसारखे काटे असतात. पांगाऱ्याच्या फांद्यांवर छोटे काळे काटे असतात. पळसाला काटे नसतात आणि त्याचं खोड वेडंवाकडं असतं. पानं आल्यावर पळस आणि पांगारा दोघांनाही तीन पर्णिका दिसतात, पण पळसाच्या पर्णिका मोठ्या आणि चामड्यासारख्या जाड असतात. सावरीच्या पर्णिका हाताच्या बोटांसारख्या एकाच ठिकाणाहून फुटतात.

'मोहर' नावाची झाडं वेगळी कशी ओळखायची?

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याच्या फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी एक पाकळी वेगळी असते. तिच्यावर पांढरट-पिवळी नक्षी असते. शेंग हातभर लांब, चपटी, पिकल्यावर काळपट आणि लाकडासारखी टणक होते. फूल नसताना पानाच्या देठाचं बूड बघावं. तिथे पिसासारखी दोन छोटी उपपर्णं दिसतात. साताऱ्यात १ मे हा दिवस 'गुलमोहर डे' म्हणून साजरा होतो. झाड देखणं असलं तरी त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ असतात, त्यामुळे वादळी पावसात फांद्या मोडतात. घराला किंवा पार्किंगला खेटून ते लावू नये.

सोनमोहर म्हणजेच पेल्टोफोरम. त्याचं पानही द्विसंयुक्त असल्याने लांबून तो गुलमोहरासारखाच दिसतो. पण त्याची फुलं पिवळी आणि वरच्या दिशेने उभ्या तुऱ्यांत येतात. कळ्यांवर गंजाच्या रंगाची मखमली लव असते. शेंगा बोटभर, चपट्या आणि तांबूस रंगाच्या असतात. त्या झाडावर इतक्या दाट लागतात की लांबून झाड तांबडं दिसतं.

नीलमोहर म्हणजे जॅकरांडा. तो दक्षिण अमेरिकेतून आला आहे. नावात मोहर असला तरी तो गुलमोहराच्या कुळातला नाही. त्याची पानं फांदीवर समोरासमोर येतात, गुलमोहराची एकाआड एक. नीलमोहराचं फळ गोल आणि चपटं, लाकडी डबीसारखं असतं.

शंकासुर हे छोट्या गुलमोहरासारखं दिसणारं झुडूप. फांद्यांवर बहुधा काटे असतात. फुलं लाल-पिवळी किंवा नुसती पिवळी असतात, आणि पुंकेसर पाकळ्यांच्या खूप बाहेर आलेले असतात. जागा कमी असेल आणि गुलमोहराची हौस असेल, तर हे झुडूप चांगला पर्याय आहे.

आता ताम्हण आणि जॅकरांडाचा घोळ. पान हातात घेतलं की तो मिटतो. ताम्हणाचं पान साधं आणि तळहाताहून लांब असतं, जॅकरांडाचं नेच्यासारखं बारीक पर्णिकांचं. ताम्हणाच्या फुलाला बहुधा सहा पाकळ्या असतात. त्या चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या दिसतात आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा गुच्छ असतो. जॅकरांडाचं फूल नळीसारखं असतं. ताम्हणाची गोल बोंडं सुकली की उकलतात आणि बराच काळ फांदीवर राहतात. ताम्हण मेंदीच्या कुळातला आहे.

याच दिवसांत पिवळ्या झुंबरांनी लगडलेला बहावा सोनमोहर समजला जातो. बहाव्याची फुलं खाली लोंबतात, पर्णिका मोठ्या आणि मोजक्या असतात. त्याची शेंग गोल नळीसारखी, हातभर लांब आणि काळी असते. चपटी शेंग दिसली तर तो बहावा नाही.

खरा अशोक कोणता?

बंगल्यांच्या आणि शाळांच्या कंपाउंडला लावलेलं सरळसोट, खांबासारखं वाढणारं झाड म्हणजे खोटा अशोक किंवा आसुपालव. हे सीताफळाच्या कुळातलं आहे. पान साधं, लांबट आणि कडेने नागमोडी असतं. फुलं हिरवट चांदण्यांसारखी असतात. ती इतकी लपलेली असतात की अनेकांना या झाडाला फुलं येतात हेच माहीत नसतं.

सीतेचा अशोक हे मध्यम उंचीचं, पसरणारं झाड आहे. त्याचं पान संयुक्त असतं. कोवळी पानं तांबूस-गुलाबी, मऊ आणि कोमेजल्यासारखी लोंबतात. फुलांचे गुच्छ आधी पिवळसर, मग केशरी आणि शेवटी लाल होतात. या फुलांना पाकळ्या नसतात. रंग दिसतो तो निदलांचा.

इथे नावातला घोळ महागात पडतो. आयुर्वेदात खऱ्या अशोकाची साल वापरतात, आणि तिच्यात आसुपालवाच्या सालीची भेसळ होते हे अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिलं आहे. सालीसाठी झालेल्या तोडीमुळे खरा अशोक निसर्गात कमी झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. म्हणून बागेत अशोक लावायचा असेल, तर रोपाचं पान संयुक्त आहे ना, एवढं तरी तपासून घ्यावं.

आपटा की कांचन?

दोन्ही झाडं एकाच गटातली. दोघांच्याही पानाला मधोमध खाच असते आणि पान दोन जोडलेल्या भागांचं वाटतं. या गटाचं शास्त्रीय नाव बोहिनिया. बोहिन आडनावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांच्या स्मरणार्थ ते ठेवलं गेलं. जोडपानाला भावांच्या जोडीचं नाव मिळालं. हाँगकाँगच्या झेंड्यावरचं फूलही याच गटातल्या एका संकरित झाडाचं आहे.

आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि जाडसर असतं. कांचनाचं पान बरंच मोठं असतं, अनेकदा तळहाताएवढं. आपट्याची फुलं बारीक, पिवळट-पांढरी असतात, तर कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी आणि ऑर्किडची आठवण करून देणारी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात जी पानं येतात, त्यांसाठी दोन्ही झाडांच्या फांद्या ओरबाडल्या जातात. शहरात कांचन सहज सापडतो, म्हणून आपट्याच्या नावाखाली त्याचाच बळी जातो. सोनं द्यायचंच असेल, तर एखादं पान पुरतं. अनेक ठिकाणी पानांऐवजी आपट्याचं रोप देण्याची प्रथाही सुरू झाली आहे.

चाफे किती?

सोनचाफा हा मॅग्नोलियाच्या कुळातला मोठा वृक्ष. फुलं पिवळी-केशरी आणि अतिशय सुगंधी. फांदीवर पेराच्या ठिकाणी बांगडीसारखी गोल खूण दिसते. पान तोडल्यावर चीक येत नाही.

देवचाफा किंवा खुरचाफा मूळचा अमेरिका खंडातला. बोथट, मांसल फांद्या आणि तोडताच वाहणारा पांढरा चीक ही त्याची ओळख. तो कण्हेरीच्या कुळात येतो. पानाचं टोक टोकदार की गोलसर, यावरून त्याच्या बागेत दिसणाऱ्या दोन मुख्य जाती ओळखता येतात. चीक त्वचेला आणि डोळ्यांना लागू देऊ नये.

हिरवा चाफा हे आकड्यांच्या आधाराने चढणारं झुडूप आहे. फूल आधी हिरवं असतं, पिकल्यावर पिवळं होतं आणि तेव्हा त्याचा वास पसरतो. हाही सीताफळाचा नातेवाईक.

नागचाफा म्हणजे नागकेसर. पांढऱ्या चार पाकळ्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा पुंजका आणि लालसर कोवळी पालवी. लाकूड लोखंडासारखं कठीण असतं.

भुईचाफा तर झाडच नाही. हळदीच्या कुळातली ही वनस्पती असून तिचं फूल पानांच्या आधी थेट जमिनीतून वर येतं.

म्हणजे 'चाफा' मागताना पुढचं नाव सांगितलंच पाहिजे. सोनचाफ्याला मोठी जागा लागते, देवचाफा कमी पाण्यावर भागवतो आणि हिरव्या चाफ्याला आधार लागतो.

कण्हेर आणि बिट्टी ओळखणं का गरजेचं आहे?

कण्हेर बागेत, देवळाच्या आवारात आणि महामार्गांच्या दुभाजकांवर सगळीकडे दिसते. तिला पाणी कमी लागतं आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पण तिच्या सगळ्या भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं विष असतं.

कण्हेरीची पानं लांब, अरुंद, जाडसर असतात आणि बहुधा एकाच पेरावर तीन-तीन येतात. पानाची मधली शीर ठळक दिसते. शेंगा बारीक आणि लांब असतात.

बिट्टी, म्हणजेच पिवळी कण्हेर, ही जवळची नातेवाईक. पानं आणखी अरुंद, चकचकीत आणि एकाआड एक असतात. तोडल्यावर पांढरा चीक येतो. फूल पिवळं, घंटेसारखं, पुरतं न उघडणारं. फळ हिरवं आणि जरा त्रिकोणी असतं, पिकल्यावर काळं पडतं. हीच फळं मुलं अंगणात खेळायला उचलतात, आणि आतली बी सगळ्यात घातक असते.

बिट्टीसारखीच पिवळी फुलं अलमांडाला येतात. पण त्याचं फूल मोठं आणि पसरट उघडतं, पानं रुंद असतात, आणि एका पेरावर तीन-चार पानं असतात. त्याचा चीकही पोटाला त्रासदायकच. कुंडीत हौसेने वाढवलं जाणारं फुगीर बुंध्याचं अडेनियमही कण्हेरीच्याच कुळातलं आणि विषारी आहे.

केरळमध्ये एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेरीचं फूल-पान चघळल्याचा संशय व्यक्त झाल्यानंतर, मे २०२४ मध्ये त्रावणकोर देवस्वम बोर्डाने मंदिरांतल्या नैवेद्यात आणि प्रसादात ही फुलं वापरायला बंदी केली.

याचा अर्थ कण्हेर उपटून टाकावी असा नाही. पण लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ती हाताशी नसावी. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण धूरही त्रासदायक असतो. छाटणीनंतर हात धुवावेत. कुणी चुकून पान, फूल किंवा बी खाल्लीच, तर उलटी करवण्यासारखे घरगुती उपाय करू नयेत. १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावं आणि झाडाचा फोटो किंवा डहाळी सोबत न्यावी. झाड कोणतं हे कळलं, तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.

पांढऱ्या फुलांच्या झुडपांतही असाच गोंधळ होतो. तगर आणि अनंत या दोघांची पानं हिरवीगार, चकचकीत आणि समोरासमोर असतात. पान तोडून बघावं. चीक आला तर तगर, नाही आला तर अनंत.

शोभेसाठी आणलं आणि डोकेदुखी झालं

घाणेरी किंवा टणटणी हे झुडूप एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून भारतात आलं. आज ते देशभरातल्या जंगलांत पसरलं आहे आणि गुरांसाठी विषारी आहे. चौकोनी खोड, खरखरीत पानं आणि चुरगळल्यावर येणारा उग्र वास ही त्याची ओळख.

कोनोकार्पस भराभर वाढतो, म्हणून शहरांत दुभाजकांवर आणि कुंपणाला लावला गेला. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. भाल्यासारखी पानं आणि बटणासारखी गोल बारीक फळं दिसली, तर रोप घेण्याआधी विचार करावा.

सप्तपर्णी मात्र भारतीयच आहे. एका पेराभोवती चक्रासारखी मांडलेली, बहुधा चार ते सात पानं आणि पांढरा चीक ही तिची खूण. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या फुलांचा वास रात्री तीव्र होतो. कुणाला तो आवडतो, कुणाचं डोकं दुखतं. म्हणून खिडकीजवळ ती लावू नये. आधीच असेल, तर परस्पर कुऱ्हाडही चालवू नये. महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड स्वतःच्या आवारात असलं तरीही.

ॲपवर किती विसंबायचं?

गूगल लेन्स, प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट यांच्यामुळे सुरुवात सोपी झाली आहे. पण ॲपला जेवढं दिसतं तेवढ्यावरच ते उत्तर देतं. लांबून काढलेल्या जांभळ्या झाडाच्या फोटोवर त्याचाही घोळ होऊ शकतो.

म्हणून एकाच झाडाचे चार फोटो काढावेत: पूर्ण झाड, फांदीवरची पानांची मांडणी, पानाची मागची-पुढची बाजू, आणि फूल किंवा शेंग. ॲपने सुचवलेलं नाव घेऊन वरचे चार प्रश्न तपासावेत. दोन खुणा जुळल्या आणि तिसरी जुळली नाही, तर नाव चुकलेलं असण्याची शक्यता आहे. झाड खाण्याजोगं किंवा औषधी आहे का, हे ॲपच्या उत्तरावरून कधीच ठरवू नये.

नर्सरीत गेल्यावर काय करायचं?

मराठी नावासोबत शास्त्रीय नावही विचारावं. ते सांगता आलं नाही, तर पान बघावं. आपल्या भागात त्याच झाडाचं मोठं रूप कुठे आहे का, तेही विचारावं. पाच फुटांचं रोप पुढे किती पसरणार, हे तिथे कळतं. मुंबईतली राणीची बाग किंवा पुण्यातली एम्प्रेस गार्डन अशा जुन्या बागांत अनेक शोभिवंत झाडं पूर्ण वाढलेली बघायला मिळतात.

रोप घरी आणल्यावर एक छोटं काम करावं. पाटीवर नाव आणि लावल्याची तारीख लिहून ती रोपाजवळ रोवावी. झुडूप विषारी असेल, तर तेही ठळक लिहावं. झाड लावणारं माणूस घर बदलून गेलं, तरी पुढे तिथे राहायला येणाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना ती पाटी उपयोगी पडते.